मेलितीनाबाई आणि मिठाच्या कोठाराचा उंबरा

श्री. जो गोठ्यांत जन्मला आणि ज्याणें शिष्यांचे पाय आपले हातें धुतले, त्या प्रभूचे चरणीं मस्तक ठेवून लिहितों. शके दोनशें नव्याण्णव, ईश्वरनाम संवत्सरीं, मेलितीनाबाई साध्वींनीं बायकांचा पहिला मठ कैसा स्थापिला, ऐसें वडिलांनीं पुसिलें. त्यावरून जें ऐकिलें तें पदरचा मीठमसाला न घालितां निवेदन करितों. राज्याचें नांव सांगावयाची आज्ञा नाहीं.

ते समयीं मेलितीनाबाई म्हणजे थोर सरदारघराण्याची सून, वय चोवीस, यजमान लढाईंत कामास आले, पोटीं संतान नाहीं. सासरच्यांनीं दुसरें लग्न योजिलें, तों बाईंनीं केस कापिले, दागिने उतरून दिले आणि साफ सांगितलें, "माझें लग्न प्रभूशीं लागलें, आतां आहेर नको." मग नदीपलीकडे सरकारी मिठाचें कोठार रिकामें होतें, तें राजापाशीं मागून घेतलें, आणि थोर घरच्या आणखी सहा बाया मिळाल्या, आणि प्रत्येकीबरोबर एकेक दासी आली, कां कीं वेणी घालावयास माणूस हवें, केसच कापिले तर वेणी कोणाची, हें कोणास सुचलें नाहीं. त्या राज्यीं रिवाज ऐसा कीं, थोर स्त्रीनें परक्या घराचा उंबरा आधीं ओलांडावयाचा नाहीं. दासीनें काठी घेऊन पुढें व्हावें, जमीन ठोकावी, विंचूकांटा पाहावा आणि आंतून हांक द्यावी, "निर्भय आहे, यावें." मग धनिणीनें पाऊल टाकावें. विंचू डसलाच तर दासीस डसावा, हा त्यांतील मतलब, पण तो कोणी बोलून दाखवीत नसे. त्याप्रमाणें बाईंची दासी जुस्ता, लहानपणापासून पदरीं असलेली, काठी ठोकीत कोठारांत शिरली, दोन विंचू मारिले आणि हांक दिली, आणि मग बाई आंत आल्या, आणि मागून बाकीच्या जोड्याही तैशाच आल्या. बाईंस दीक्षा देणारे म्हातारे तपस्वी जोसिमबाबा दारीं उभे राहून येणारीचे कपाळीं तेल लावीत होते.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशीं पंगतींत तंटा लागला. एकीचे आजे सेनापति, दुसरीचे मामा राजाचे शेजारीं बसणारे, तिसरीचें कुळ राजाहून जुनें. आधीं कोणास वाढावें यावरून तोंडातोंडी जाहली आणि आमटी निवाली. दासी मागें भिंतीशीं उभ्या, त्यांस कोण विचारितो! बाई कंटाळून उठल्या आणि क्रुसावर हात ठेवून शपथ वाहिली कीं, "घराणीं उंबऱ्याबाहेर राहिलीं. या घरांत जी आधीं आली ती वडील, मागून आली ती धाकटी. धाकटीनें वडिलीस पाहून उठावें आणि जेवणाआधीं तिचे हातांवर पाणी घालावें. हें मोडेल तिणें मठ सोडावा, मग ती मी कां असेना." खरें सांगावें तर बाईंचे मनांत होतें कीं मठ माझा, पहिलें पाऊल माझें, तेव्हां पहिलें पान न मागतां माझेंच जाहलें. साध्वी जाहली म्हणून मन आठ दिवसांत धुवून निघतें ऐसें नाहीं.

मग जोसिमबाबांस बोलावून पुसिलें, "बाबा, पहिली कोण आली?" बाबा म्हणाले, "जुस्ता. हातीं काठी होती."

"दासींचें नव्हे, बायांचें विचारितें."

"मग तें शपथेंत घालावयाचें होतें. मीं चौदा कपाळांस तेल लाविलें. दासीचें कपाळ कोणतें, तें माझे बोटास कळलें नाहीं."

सगळ्या बाया बाईंचे तोंडाकडे पाहूं लागल्या. बाईंनीं मनांत तोलून पाहिलें. शपथ मोडावी तर मठ कसला, माहेरचा दुसरा दिवाणखानाच जाहला. पाळावी तर आपल्या दासीपुढें उठून उभें राहावें! शेवटीं बाई तांब्या घेऊन भिंतीपाशीं गेल्या आणि म्हणाल्या, "जुस्ताबाई, हात पुढें करा."

जुस्ता रडूं लागली. "बाईसाहेब, मला मारा, पण पाणी घालूं नका हो."

"करा पुढें. शपथ माझी आहे, लवकर आटपूं."

आणि पाणी घातलें, निम्में जमिनीवर सांडलें. त्याच सांजेस तिघी बाया नाकाला मिरच्या झोंबल्यासारख्या चालत्या जाहल्या आणि राजवाड्यांत जाऊन चहाडीची आग लाविली. नगरांत हलकल्लोळ उडाला कीं उद्यां आमच्या दासी पाट मागतील, आणि राजानें हुकूम केला कीं कोठार खाली करावें. पण बायकांचे मठांत शिपाई कैसे शिरावे? तेव्हां राजमाता स्वतां पाहून निवाडा करतील ऐसें ठरलें.

राजमाता मेण्यांतून दुपारच्या जेवणास आल्या. त्यांची म्हातारी दासी, चाळीस वर्षांची सोबतीण, रिवाजाप्रमाणें काठी ठोकीत आधीं आंत गेली आणि "निर्भय आहे, यावें" म्हणाली. बाईंनीं तें पाहिलें; नेमाप्रमाणें म्हातारी वडील आणि राजमाता धाकट्या जाहल्या. आज एक दिवस राजमातेस पहिलें पान दिलें तर घर वांचतें. कोणाचें काय बिघडलें? पण मग उद्यां कोणासाठीं, आणि परवां कोणासाठीं? बाईंनीं डोळे मिटून प्रभूचें नांव घेतलें आणि दोघींस हातीं धरून पंगतीचे शेवटीं नेलें, आणि म्हाताऱ्या दासीस वर बसविलें व राजमातेस तिचे खालीं. आणि मग बाईंनीं जुस्तेचे हातांवर पाणी घातलें. राजमाता त्याच पानावर जेवूं लागल्या. अर्धें जेवण जाहल्यावर जुस्तेस पुसिलें, "काय ग, वडीलपण कैसें वाटतें?"

जुस्ता म्हणाली, "पहिले आठ दिवस घांस उतरला नाहीं, मातुश्री. आतां उतरतो. पण बाई थंडींतही पाणी गारच घालितात, तेवढें शिकवावयाचें राहिलें आहे."

राजमातेस ऐसें हंसूं आलें कीं ठसका लागला. मग पाठ चोळणाऱ्या आपल्या दासीकडे त्यांनीं बहुत वेळ पाहिलें. जातेवेळीं दासी काठी घेऊन पुढें निघाली, तों राजमातेनें तिचे हातींची काठी घेतली आणि "तूं मागें हो, तुझे गुडघे धड नाहींत," ऐसें म्हणून आपण जमीन ठोकीत बाहेर पडल्या आणि मेण्यापाशीं उभें राहून हांक दिली, "निर्भय आहे, ये." मग शिपायांस सांगितलें कीं, "कोठार राहील. राजास मी सांगतें."

त्याउपरि तीस वर्षें मठ वाढला, नदीचे दोन्ही तीरीं सात घरें जाहलीं, आणि निघून गेलेल्या तिघींपैकीं दोघी परत येऊन सगळ्यांत धाकट्या जाहल्या. जुस्ता मठाची मुख्य जाहली आणि बाई तिचे हातांवर रोज पाणी घालीत, आणि हिंवाळ्यांत कोमट. मग एके सकाळीं, प्रार्थना जाहल्यावर, बाईंचा अंतकाळ आला. जुस्ता उशाशीं बसली होती, तिचे डोळ्यांचें पाणी खळेना. बाई म्हणाल्या, "थोरल्या बाई, ती काठी द्या."

"काठी कशास?"

"आजवर परक्या घरीं तुम्ही पुढें शिरलांत आणि मी मागून आलें. आतां प्रभूचे घरीं मी पुढें शिरतें."

जुस्तेनें काठी हातीं दिली. बाईंनीं खाटेच्या कांठास दोनदां ठोकली, आणि अगदीं हळू, पण सगळ्यांस ऐकूं येईल ऐसें म्हणाल्या, "निर्भय आहे, यावें." आणि प्राण सोडिला. जुस्ता मागून चार वर्षांनीं गेली, आणि जवळच्या सांगतात कीं ती जातां जातां हंसत होती.

तात्पर्य, मठ अद्याप आहे, पहिले पानास आधीं आलेली बसते, आणि दारीं काठी टेंकून ठेविलेली असते. जैसें ऐकिलें तैसें लिहिलें. उणें अधिक तें लिहिणाराचें, बरें तें बाईंचें.