वाहक, चरबी आणि पळणारा जावई

"लिही," मामा म्हणाले. "'सत्य जमिनीखाली कितीही खोल पुरलेलं असो, त्याची गळती ऐकू येणारा कान शतकातून एकदाच जन्माला येतो.' लिहिलंस?"

"लिहिलं."

"'आणि तो कान माझा आहे.' कोणता ते लिहू नकोस. शत्रू सावध होतो."

शत्रूचं माहीत नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक आहे की तो उजवा कान. डाव्या कानाने मामांना कमी ऐकू येतं, आणि जेवताना मामी डावीकडे बसते. हा योगायोग नाही, असं मामीचं म्हणणं आहे.

मामा पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त गळतीशोधक. रस्त्यावर लोखंडी दांडीचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखालचा फुटका नळ ओळखायचा, हे काम त्यांनी उभी हयात केलं. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हे वाक्य बाकीचे लोक संशय आला की म्हणतात. मामांना त्याचा पगार मिळत असे. नोकरीत एकदाही दांडी न मारलेला माणूस म्हणून निरोपसमारंभात खात्याने त्यांना ती दांडीच भेट दिली. त्या दिवसापासून ते गुप्तहेर आहेत.

मी त्यांची भाची. जीवरसायनशास्त्राची पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथे मी सध्या राहते. तिथूनच मामांनी मला सहायक म्हणून उचललं.

मामा पुढचं वाक्य सांगणार एवढ्यात ताई आली. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी. हातात भली मोठी बॅग. ती तिने दारातच आपटली.

"बाबा, तो पळून जाणार आहे."

"कोण?"

"तुमचा जावई."

मामांनी दांडी उचलली. कशासाठी ते त्यांनाही कळलं नसावं, कारण लगेच खाली ठेवली.

ताईचा नवरा, म्हणजे माझे दाजी, अग्निशमन दलात आहेत. आगीच्या बंबावर. गोलमटोल, हसरा माणूस. आदल्या दिवशी ते दार ओढून फोनवर बोलत होते आणि ताईने बाहेरून ऐकलं होतं: "महिनाअखेरीला पळायचंच. यावेळी नाही पळालो तर जन्मभर टेबलाला बांधून ठेवतील. घरी मात्र कळता कामा नये."

"तू त्यालाच विचारलंस का?" स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला.

"नाही विचारलं. विचारलं आणि तो तोंडावर खोटं बोलला, तर मी काय करू? आधी मला कळू दे काय आहे ते. तोपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही." मग तिने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "आणि त्याच्या अंगाला मासळीचा वास येतो."

"जावईबापूंच्या?"

"लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून तो मासळीच्या वाटेला जात नाही, बाबा. आणि आता घामाला मासळीचा वास! अग्निशमन केंद्रातली मांजर घरापर्यंत त्याच्या मागे येते. शिवाय रोज लवकर उठतो, पायात बूट चढवतो, गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसतो आणि घोरायला लागतो."

मामांनी डोळे मिटले. हे ते विचार करताना करतात, आणि झोपताना. थोडा वेळ फरक कळत नाही.

"बूट घालून झोपतो," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे पळायच्या तयारीत आहे. पोरी, तुझा नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय, आणि ती मासे विकते."

"अहो, मुलीसमोर काय बोलताय!" मामी म्हणाली. ती बरोबर उजवीकडे उभी होती, त्यामुळे मामांना ऐकू आलं.

मासळीबाजारात मामा काळा चष्मा आणि जुना लोकरी कोट घालून गेले. ओळखू येऊ नये म्हणून. उन्हात दुसऱ्या कोणीही लोकरी कोट घातला नव्हता, त्यामुळे सगळा बाजार आमच्याकडेच बघत होता. मामा एकेका टोपलीवर वाकून वास घ्यायचे आणि मान हलवायचे.

"काका, घ्यायची का नुसती हुंगायची?" एक मासेवाली म्हणाली.

"बाई, खरं सांगा. तुमच्याकडे एक अग्निशामक येतो का?"

"आग लागली तर येईल की."

मामांनी मला बाजूला घेतलं. "उत्तर बघितलंस? सरळ नाही दिलं. चांगली मुरलेली आहे."

"मामा, ती साठीच्या पुढची आहे."

"तेच म्हणतो मी. मुरलेली."

संशय येऊ नये म्हणून त्यांनी मासळी घेतली. पिशवी आणली नव्हती, म्हणून ती कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली. खिशाला भोक होतं. मासळी अस्तरात गेली, आणि ती तिथे आहे हे त्या दिवशी आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा सिद्धान्त बदलला होता.

"बंबाच्या टाकीत!" ते म्हणाले. "एवढं पाणी नुसतं भरून ठेवतात, आणि आग काय रोज लागत नाही. टाकीत मासे पाळायचे. गुपचूप विकायचे. महिनाअखेरीला पैसे घेऊन पळायचं."

"आणि मधेच आग लागली तर?"

पाण्याच्या फवाऱ्यातून मासे आगीवर पडताहेत हे चित्र मामांच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तर मग भाजून विकायचे," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

तरी आम्ही अग्निशमन केंद्रावर गेलो. मला कोपऱ्यावर पहाऱ्याला उभं करून मामा मागच्या भिंतीला दांडी लावून उभे राहिले. ती मांजर कुठूनतरी आली आणि त्यांच्या कोटाला अंग घासू लागली. मामा 'शुक शुक' करत होते आणि ऐकत होते. मग एकाएकी त्यांचा चेहरा असा उजळला की मी ओळखलं, आता काही खरं नाही.

"काय ऐकलंत?"

"पुरावा पक्का होईपर्यंत सहायकाला सांगायचं नसतं. चल, बस पकड."

"कुठली?"

"या रस्त्याने जाते ती. टोळी बसमध्ये आहे."

बसमध्ये गर्दी बेताची होती. आमच्या शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली. मग तिच्या शेजारचा माणूसही गेला. वाहक तिकिटं देत आमच्यापर्यंत आला, तेव्हा मामांनी काळा चष्मा हळूच खाली ओढला.

"तिघांपैकी तू कितवा?"

"काय?"

"चरबी कुठे पोहोचवतोस?"

वाहकाने मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चरबी तर मला समोरच दिसतेय, काका. तिकीट काढताय ना?"

"भट्टीचा पत्ता सांग! आत कोण जाळतं? मला सगळं माहीत आहे!"

"मला फक्त पुढचा थांबा माहीत आहे," वाहक म्हणाला आणि त्याने घंटीची दोरी ओढली. "आणि मासळी घेऊन बसमध्ये चढत नाहीत."

पुढच्या थांब्यावर आम्ही बाकावर बसलो. मामा दुखावले होते. मी म्हटलं, "मामा, भिंतीपलीकडे दाजी काय म्हणाले ते आता शब्दन्‌शब्द सांगा."

मामांनी दांडी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि साक्ष द्यावी तसं सांगितलं. "जावईबापू कोणाला तरी म्हणाले, 'सगळा खेळ वाहकाचा आहे. वाहक कमी पडला की चरबी बाहेरच राहते. त्याने आत नेऊन सोडली की भट्टीत जळते. म्हणून मी एकावर थांबत नाही, रोज तीन घेतो.' आता तूच सांग. अग्निशामक स्वतःच भट्टी पेटवतो, आणि तीन वाहक त्याला चरबी पुरवतात!"

मी डोकं हातात धरलं. सहामाही परीक्षेत या प्रश्नावर मी अडीच पानं लिहिली होती, आणि दोन दिवस मी मासळी हुंगत फिरत होते.

"मामा, हा वाहक बसमधला नाही. पेशीतला आहे."

"पेशीतला?" मामा ताडकन उठले. "म्हणजे खटला उभा राहिलासुद्धा?"

घरी आलो तर जेवणाच्या टेबलाशी दाजी बसले होते, खाली मान घालून. समोर ताई. टेबलाच्या मधोमध एक मोठा पांढरा डबा, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. मामी चहा गाळत होती.

"संशयित इथे कसा?" मामांनी मला कानात विचारलं. मग जावयाचा मान आठवून मोठ्याने म्हणाले, "या या, जावईबापू. बसा. म्हणजे, बसलाच आहात. छान."

"मी फोन करून बोलावलं," मामी म्हणाली. "सगळं सांगितलं त्यांनी."

"कबुली? कशी काढलीस?"

"विचारलं."

मामा खुर्चीत बसले.

सगळं म्हणजे एवढंच होतं. महिनाअखेरीला दलाची शारीरिक परीक्षा होती. खांद्यावर पाण्याच्या पाइपाचं भेंडोळं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या, मग जिने चढायचे, तेही ठरलेल्या वेळेत. गेल्या वेळी दाजी फेऱ्यांमध्येच बसले होते. यावेळी पळता आलं नाही तर बंब सुटणार आणि फोन घ्यायचं टेबल मिळणार होतं. व्यायामशाळेतल्या कोणीतरी त्यांना चरबी जाळणारी ही भुकटी सांगितली. एक चमचा घ्यायचा होता. दाजी घाईत होते, म्हणून तीन घेत होते.

"कार्निटिन," मी डबा फिरवून वाचलं. "अमिनो आम्लांपासून बनतं. चरबीचे लांबलचक रेणू पेशीतल्या भट्टीत आपले आपण शिरू शकत नाहीत. हा त्यांना दारातून आत नेतो, परत येतो आणि पुढचा घेतो. म्हणून त्याला वाहक म्हणतात. दाजी, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. फक्त आपलं शरीर स्वतःच हवा तेवढा वाहक तयार करतं. आणि भट्टीत किती जळायचं ते भट्टी ठरवते. तुम्ही पळालात तर ती जास्त मागणार."

"म्हणजे बस आगारात उभी," मामी म्हणाली, "आणि हे रोज तीन-तीन वाहक चढवतायत."

अडीच पानांत मला हे इतकं नीट लिहिता आलं नव्हतं.

"आणि वास?" ताईने विचारलं.

"फार झालेलं सगळं रक्तात जात नाही. उरतं त्यावर आतड्यातले जिवाणू ताव मारतात, आणि त्यातून जो वायू निघतो त्याला सडक्या मासळीचा वास असतो. एरवी यकृत तो वास मारून टाकतं. पण इतकं घेतलं की एखाद्याच्या घामातून येतो. म्हणून मांजर मागे लागली."

"पण मी व्यायाम करतोच की," दाजी पडेल आवाजात म्हणाले. "डब्यावर लिहिलंय, व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यावे. मी रोज घेतो. बूट घालतो. अर्धा तास थांबतो."

"गॅलरीत?"

"हो."

"मग?"

"मग डोळा लागतो."

"आणि व्यायाम?"

"तिथपर्यंत अजून पोचलो नाही."

मामी हसू दाबायला गाळणं धुवायला गेली. ताई मात्र हसली नाही. "हे माझ्यापासून लपवायचं काय होतं?"

दाजी डब्यावरच्या फुगीर माणसाकडे बघत राहिले. "तुला मी बंबावर नको आहे. बंब बाहेर पडला की तू जेवत नाहीस, मला माहीत आहे. मला टेबल मिळालं असतं तर तुला आनंद झाला असता. आणि तू आनंदात असताना मला तोंड पाडून बसता आलं नसतं."

मामीने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"झाला असता आनंद," ताई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्यांचा बंब गेला की तू खिडकीशी जाऊन उभा राहिला असतास. ते बघून मला तसंही जेवण गेलं नसतं." ती उठली, दारातली बॅग ओढत आणली आणि आतले कपडे उपसायला लागली. रागाच्या भरात हाताला येईल ते कोंबलं होतं: उशीचा अभ्रा, विजेरी, आणि तळाशी तिचे कॅनव्हासचे बूट. ते तिने टेबलावर, डब्याच्या शेजारी ठेवले.

"घरी चल. उद्या सकाळपासून मी तुला पळवणार आहे."

"पळवणार?" मामा दचकले. "अगं, म्हणजे अपहरण!"

डबा ताईने मामीकडे दिला. दुसऱ्या दिवसापासून ती पुढे आणि दाजी मागे असे दोघं मैदानाला फेऱ्या मारू लागले. सुरुवातीला दाजी एका फेरीत बसायचे, मग दोन फेऱ्यांत, मग बसायचं विसरायला लागले. वास गेला, तशी मांजरीनेही त्यांचा नाद सोडला. महिनाअखेरीला परीक्षा झाली. दाजी शेवटून दुसरे आले. पण तिथे पहिलं यायचं नव्हतं, वेळेत यायचं होतं. बंब राहिला. ताई अजूनही बंब बाहेर पडला की जेवत नाही. दाजी परत आले की दोघं मिळून जेवतात.

निकाल कळला त्या संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. अंगात तोच लोकरी कोट होता, आणि त्यांच्या पायाशी अग्निशमन केंद्रातली मांजर बसली होती. तीन वेळा हाकलली तरी ती परत येत होती.

"लिही. 'संशयित बूट घालून झोपतो याचा अर्थ तो पळायच्या तयारीत आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या भाकिताप्रमाणे तो ठरल्या दिवशी, सर्वांसमक्ष पळाला.' लिहिलंस?"

"लिहिलं."

"'या मांजरीच्या मनात काय आहे, हे गूढ मात्र अजून उकललेलं नाही.'"

"अहो," मामी म्हणाली, "आधी त्या कोटाचं अस्तर उसवून बघा."

मामांना ते ऐकू आलं नाही. मामी डावीकडे उभी होती.