बगळ्याचं गार योगर्ट आणि गिरजाक्काचा पाय

मुलांनो, हातातले थंडगार कप जरा खाली ठेवा आणि इकडे लक्ष द्या. गोष्ट संपेपर्यंत ते वितळतील. त्याला माझा इलाज नाही.

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, गिरजा नावाची अस्वलीण राहायची. सगळी तिला गिरजाक्का म्हणायची. पावसाळ्यात ओढा फुगला, की शाळेत जाणारी पिल्लं तिच्या पाठीवर बसून पलीकडे जायची. सशाची दोन, हरणाची तीन, साळिंदराचं एक. साळिंदराचं पिल्लू ती सगळ्यात मागे बसवायची. का ते तुम्हाला कळलं असेल.

गिरजाक्काला मध फार आवडायचा. रोज एक पोळं. सणावारी दोन.

एकदा तिला सारखी तहान लागू लागली. ओढ्याकाठी राहूनही घसा कोरडा. म्हणून ती वैद्य धोंडोपंतांकडे गेली. धोंडोपंत म्हणजे म्हातारं कासव. हळू चालायचे, पण बोलायला फटकळ.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तू झाडामागे जाऊन येतेस, तिथे नंतर मुंग्या लागतात का?"

गिरजाक्का लाजली. "लागतात हो."

"मग झालं. तुला साखरेचा आजार आहे. मध बंद. मोहाची फुलं बंद. केळी बंद. नाहीतर आधी पाय जातील, मग डोळे."

"मग खाऊ काय?"

"वाळवी खा. कंदमुळं खा. तानूकडचं दही खा, वाटीभर."

तानू म्हणजे तळ्यात डुंबणारी म्हैस. तिचं दही मातीच्या गाडग्यात लागायचं. घट्ट, थोडंसं आंबट. वर सायीचा जाड थर. नाव नाही, पाटी नाही. गाडगं घ्यायचं, खायचं, धुऊन परत आणून द्यायचं.

गिरजाक्काने पथ्य पाळलं. पंधरा दिवस पाळलं. सोळाव्या दिवशी ती पोळ्याखाली बसून रडली. पण हात लावला नाही. मुलांनो, हे लक्षात ठेवा. ती लबाड नव्हती.

त्याच सुमाराला जंगलात शुभंकर बगळा परत आला. तो सहा महिने परदेशातल्या कुठल्याशा तळ्यावर राहून आला होता. येताना त्याने एक घरघरणारं यंत्र आणलं. वडाखाली पांढरंशुभ्र दुकान थाटलं. पाटी लावली : 'फ्रोजन योगर्ट. फॅट शून्य. पश्चात्ताप शून्य.'

उद्घाटनाला वाघ महाराज आले. त्यांनी फीत दातांनी तोडली आणि विचारलं, "म्हणजे हे दहीच ना?"

"महाराज, दही म्हणू नका," शुभंकर हळूच म्हणाला. "दही म्हटलं की कुणाचं तरी पोट बिघडलंय असं वाटतं. योगर्ट म्हणा. यात कोट्यवधी जिवाणू आहेत."

"जिवंत?" बळवंतराव हत्तीने घाबरून विचारलं. त्याच्या घरात सात पिढ्या कुणी किडासुद्धा खाल्ला नव्हता.

"अगदी जिवंत. पण शाकाहारी."

बळवंतरावाचं समाधान झालं. त्याचं समाधान लवकर व्हायचं.

मग शुभंकर एका पायावर उभा राहिला, मान उंच केली आणि म्हणाला, "माझ्याकडे बघा. मी रोज हेच खातो."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काडीसारखे पाय. पोटाचा पत्ता नाही. जनावरांनी सुस्कारा टाकला. बगळे जन्मतःच बारीक असतात, त्याचा बाप बारीक होता, आजा बारीक होता, आणि तो योगर्ट खातो की बेडूक हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पण यातलं काहीही कुणाच्या मनात आलं नाही. बारीक दिसणाऱ्याने सांगितलं, की जाडांनी ऐकायचं असतं, अशी त्या जंगलात रीत होती.

दुसऱ्या दिवशी गिरजाक्का दुकानासमोर जाऊन उभी राहिली. यंत्रातून गुलाबी, पिवळे, पांढरे वेटोळे पडत होते. ती आत शिरली नाही. बाहेरूनच म्हणाली, "मला वैद्यबुवांनी गोड बंद केलंय."

"ताई, मग तुम्ही अगदी बरोबर जागी आलात," शुभंकर म्हणाला. "ही मिठाई नाहीच. हा आहार आहे. वैद्यबुवांनी दही खायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. वाटीभर."

"मग ही वाटीच आहे." त्याने एक वाटी पुढे केली. तीत बळवंतरावाचं डोकं मावलं असतं. "आणि वर आवडेल ते घाला. आंब्याच्या फोडी, चॉकलेटचे दाणे, बिस्किटाचा चुरा, मधाची धार."

"मध नको!"

"बरं, मध नको. पाकातली स्ट्रॉबेरी घ्या. ते फळ आहे."

गिरजाक्काने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

"गोड लागतंय की हो," ती म्हणाली.

"तो फळाचा स्वभाव," शुभंकर म्हणाला.

तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली. मग दुसरी.

महिन्याभरात अख्खं जंगल वडाखाली दिसू लागलं. बळवंतराव रोज सकाळी टेकडीपर्यंत चालून यायचा आणि चाललो म्हणून तीन बादल्या योगर्ट खायचा. मग खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचा. हरणांच्या पोरांनी झाडाची जांभळं खाणं सोडलं. तीच जांभळं पाकात घालून वर ठेवली, की मात्र हाणामारी. माकडं वाटी हातात धरून तळ्याच्या पाण्यात आपलं प्रतिबिंब बघत बसायची.

तानूच्या दारात गाडगी तशीच पडून राहू लागली. येणारे-जाणारे तिच्याकडे कीव केल्यासारखे बघायचे.

"तानूबाई, तुमच्या दह्यात साय असते म्हणे," एक माकडीण म्हणाली.

"असते की. दुधाची आहे."

"शी!" माकडीण म्हणाली आणि बिस्किटाचा चुरा चाटत निघून गेली.

गंमत अशी, की शुभंकर तानूकडूनच दही न्यायचा. रोज एक गाडगं. तानूला एकदा वाटलंही, की एका गाडग्यात एवढं जंगल जेवतं कसं? पण म्हशीला कोण विचारतं, आणि विचारलं तरी कोण ऐकतं? ती पुन्हा पाण्यात जाऊन बसली.

गिरजाक्काची तहान वाढली. ती पुन्हा धोंडोपंतांकडे गेली.

"मध खाल्लास?"

"थेंब नाही. आईची शपथ."

"मोह? केळी?"

"नाही हो. नुसतं दही खाते. तुम्हीच सांगितलंत."

धोंडोपंत विचारात पडले. त्यांचं बिऱ्हाड जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. वडापर्यंत यायला त्यांना चार दिवस लागायचे, म्हणून त्यांनी ते दुकान पाहिलेलंच नव्हतं. "दही तर चांगलंच," ते म्हणाले. "खात राहा."

गिरजाक्का घरी आली ती नाचतच. वैद्याचा हुकूम मिळाला होता. त्या दिवशी तिने चार वाट्या खाल्ल्या.

श्रावणात ओढा दुथडी भरून वाहू लागला. गिरजाक्काच्या पायांना आधी मुंग्या यायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या. तिला वाटलं, गुण आला. खरं म्हणजे पायांना काहीच कळेनासं झालं होतं. तिच्या डाव्या तळव्यात बाभळीचा बोटभर काटा घुसला, पार आत गेला, तिथे पू झाला. पाच दिवस ती त्यावर चालत होती. तिला पत्ताच नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी सहा पिल्लं पाठीवर घेऊन ती पाण्यात उतरली. ओढ्याच्या ऐन मध्यावर तिचा डावा पाय दुमडला.

"अक्का!" हरणाचं पाडस किंचाळलं.

गिरजाक्का एका कुशीवर पडली. तिने जीव खाऊन उरलेल्या तीन पायांवर अंग सावरलं. पाच पिल्लांनी तिचे केस घट्ट धरून ठेवले. धाकट्या सशाचा हात सुटला. पाण्याने त्याला उचललं आणि घेऊन गेलं. एकदा त्याचे कान दिसले. एकदा नुसता एक कान दिसला.

खालच्या अंगाला तानू डुंबत होती. तिने काही विचार केला नाही. मान आडवी टाकली. ससा येऊन तिच्या शिंगांत अडकला. तो खोकत होता, थरथरत होता, पण जिवंत होता.

काठावर आल्यावर गिरजाक्का त्या सशाकडे बघतच राहिली. ती म्हणाली, "माझा पाय कुठे होता? मला माझा पायच कळला नाही."

धोंडोपंतांना आणायला तानू स्वतः गेली आणि त्यांना पाठीवर घालून आली. त्यांनी काटा काढला. दोन बोटं काळी पडली होती, तीही काढावी लागली. गिरजाक्काला काही दुखलं नाही. दुखलं नाही म्हणूनच धोंडोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसलं दही खातेस तू?" त्यांनी विचारलं.

तिने वडाकडे बोट दाखवलं.

धोंडोपंत दुकानाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथे मुंग्यांची रांग लागली होती. हातभर रुंद. ती थेट मागच्या दारातून आत जात होती. आत डोंगरापलीकडून आणलेल्या साखरेच्या गोणी छपराला टेकल्या होत्या. शेजारी तानूचं ते एक गाडगं.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली.

"महाराज," धोंडोपंत म्हणाले, "तानूच्या दारात एक मुंगी नाही. या दुकानामागे जंगलभरच्या मुंग्या नांदतायत. मुंग्यांना पाटी वाचता येत नाही, म्हणून त्या फसत नाहीत. दही गार केलं म्हणून मी तक्रार करत नाही. बिनसाखरेचं, ओंजळभर असतं, तर मीच म्हणालो असतो, खा. हे तर गोठवलेलं पक्वान्न आहे. पक्वान्न म्हणून द्या, माझी हरकत नाही. औषध म्हणून का देता?"

शुभंकरने पंख झटकले. "मी साखर नाही असं कधी म्हणालो? मी फॅट नाही म्हणालो. पाटी वाचा."

सगळ्यांनी पाटी वाचली. खरंच, तसंच लिहिलं होतं.

"आणि ताईंना कुणी जबरदस्ती केली नव्हती," शुभंकर म्हणाला. मग तो गिरजाक्काकडे वळला. "ताई, खरं सांगा. गोड आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

गिरजाक्का पाय पट्टीत बांधून बसली होती. तिला सहज म्हणता आलं असतं, की मी भोळी, मला फसवलं. सगळं जंगल तिच्यासाठी हळहळलं असतं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच चमच्याला कळलं होतं. मला गोड खायचं होतं, आणि गोड नाही असं कुणीतरी सांगायला हवं होतं. यांनी सांगितलं. मी वैद्यबुवांशी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. त्यापायी लेकरू वाहून जात होतं." मग तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्हालाही कळतंच की. बळवंतराव, तुम्हाला नाही कळत?"

बळवंतरावाने सोंड खाली घातली. माकडं एकमेकांच्या उवा बघू लागली.

मग सगळे एकदम चिडले.

कुणावर चिडले असतील, सांगा बरं? बगळ्यावर? छे!

"ही बाई स्वतः अधाशी आणि नाव आम्हाला ठेवते!" माकडीण ओरडली.

"मी रोज टेकडीपर्यंत चालतो!" बळवंतराव गरजला. "ते काय उगीच?"

"वैद्यबुवांचा स्वभावच मुळात नकारात्मक," कुणीतरी मागून म्हणालं.

वाघ महाराजांनी निकाल दिला. एक, गिरजा अस्वलिणीने यापुढे पिल्लं नेऊ नयेत. तिच्यामुळे मुलांवर वाईट परिणाम होतो. दोन, वैद्यांनी आरोग्याच्या बाबतीत ढवळाढवळ करू नये. तीन, शुभंकररावांनी आपल्या योगर्टात साखर असल्याचं पाटीवर स्पष्ट लिहावं.

शुभंकरने ते त्याच दिवशी लिहिलं. मुंगीएवढ्या बारीक अक्षरांत. शिवाय 'नैसर्गिक उसापासून' हे शब्द हातभर मोठे रंगवले. विक्री दुप्पट झाली.

त्या दिवशी सभा लांबल्यामुळे सगळ्यांना भूक लागली होती. उन्हात बसून डोकी तापली होती. ते उठले आणि वडाखाली रांगेत उभे राहिले. महाराज सगळ्यांच्या पुढे.

गिरजाक्का लंगडत विरुद्ध बाजूला निघाली. ती जाताना रांगेतल्या प्रत्येकाने दुसरीकडे तोंड फिरवलं. तिने दोन बोटं गमावली होती, आणि एक चव. तिचं तिला त्यातलं काय जास्त सलत होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, काय खाताय याकडे फार लक्ष देऊ नका, पाटी तेवढी चांगली निवडा. विकणारा बारीक आहे ना, एवढं पाहून घ्या. आणि गोड लागलंच, तर ते चारचौघांत बोलून दाखवू नका. पाय गेला तरी चालेल, रांगेतली जागा जाता कामा नये.