बाराचा भोंगा

गुरुदास कांदळकर बेळगावला गेला होता पाण्याचा पंप आणायला. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला तो तोंडवलीत घरी आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं, पाय गुडघ्यापर्यंत वाळूने माखले होते, आणि मागून त्याचा दोस्त कॉस्मे फर्नांडिस मुकाट चालत होता.

सुभद्रा अंगणातच उभी होती. तिच्या मागे तिने दोन वर्षांपूर्वी लावलेले दीडशे माड होते, पण अजून कमरेएवढेच. विहिरीचं पाणी घागरींनी काढून ते जगवता जगवता तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पंप खंय?"

"पंप हाडूक नाय."

"मगे काय हाडलात?"

"जीप."

सुभद्राने नवऱ्याच्या मागे पाहिलं, मग कॉस्मेच्या मागे पाहिलं. "खंय आसा?"

"वाळयेत," कॉस्मे म्हणाला.

कॉस्मेने बारा वर्षं आगबोटीच्या इंजिनखान्यात काढली होती. पंप पारखून घ्यायला म्हणूनच गुरुदासने त्याला सोबत नेलं होतं. पण बेळगावच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पंपांच्या रांगेशेजारी ती उभी होती. लढाईतली जुनी जीप, नव्या हिरव्या रंगात न्हालेली. दोन वाटोळे डोळे, मधे दात आवळल्यासारख्या उभ्या पट्ट्या, पाठीवर जादा चाक, आणि समोरची काच अशी की वाटलं तर बॉनेटवर आडवी निजवावी. गुरुदासने तिच्या पायरीवर एक पाय ठेवला. भंगारवाल्याने बाजूचा आरसा पुसून त्याच्याकडे वळवला. आरशात गुरुदासला मामलेदाराहून मोठा कुणीतरी दिसला, आणि पंपाची गोष्ट तिथेच संपली.

"गुरुदासा, जरा थांब," कॉस्मे गाडीच्या पोटाखालून ओरडला होता. "पुढच्या चाकांक ताकद देवचो दांडोच नाय हिका! कोणी काढून नेल्यान आणि भोकात चिंधी कोंबल्यान. वाळयेत ही बैलगाडयेपेक्षा वायट."

"पण दिसता कशी, बघ मरे."

गुरुदासला गाडी चालवता येत नव्हती. ती गोष्ट त्याला व्यवहार पुरा झाल्यावर आठवली.

चालवत आणली ती कॉस्मेनेच. पहाटे आंबोली ओलांडली तेव्हा घाटात फाल्गुनातलं धुकं असं दाटलं होतं की बॉनेटवरचा रंगही दिसेना. एका वळणाच्या तोंडाशी जीपचा भोंगा वाजला, लांब, ओढलेला. कॉस्मेने दचकून ब्रेक दाबला. त्याच क्षणी धुक्यातून एका लॉरीचं नाक बाहेर आलं आणि वीतभर अंतरावरून घरंगळत निघून गेलं.

"बऱ्या वेळार वाजवलंस रे," गुरुदास श्वास सोडत म्हणाला.

"मी वाजवूक नाय. तू हात लावलंस मां?"

"माझे दोनय हात हंय दांड्याक धरलेले."

खालच्या दरीतून पाण्याचा आवाज येत होता. दोघेही त्या भोंग्याच्या बटणाकडे पाहत राहिले. "तार सैल आसतली," शेवटी कॉस्मे म्हणाला. पण पुढच्या प्रत्येक वळणावर त्याने भोंगा स्वतःहून आधीच वाजवला.

आचऱ्याकडून येणारी वाट तोंडवलीच्या वेशीवर संपते आणि पुढे वाळू. जीप तिथेच, सुरूच्या बनाच्या तोंडाशी, मागच्या दोन चाकांवर खाली बसली. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात त्यांना कळलं नव्हतं, सकाळी कळलं. ती बसली होती देवचाराच्या दगडाला अगदी चिकटून. देवचार म्हणजे गावच्या सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन तो भर दुपारी बाराला आपल्या हद्दीत फेरी मारतो, आणि त्या वेळी त्याच्या वाटेत उभं राहू नये, हे तोंडवलीतलं रांगतं पोरही जाणतं.

गंगाराम गुरव आपले बैल घेऊन आला. देवळातली पूजा आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणं त्याच्याकडे होतं. बैल धिप्पाड, रापणीच्या मोठ्या जाळ्याची होडी एकेकट्याने वाळूवर ओढणारे. जीपपासून दहा पावलांवर ते थांबले. त्यांनी माना खाली घातल्या, शेपट्या पायांत घेतल्या. गंगारामने चुचकारलं, मग चाबूक काढला, तरी खूर उचलेनात. एका बैलाच्या अंगावरची कातडी वारा नसताना थरथरत होती.

"गुरुदासा," गंगाराम हळूच म्हणाला, "तुझ्या गाडयेत कोण बसलो हा?"

"कोण नाय! रिकामी आसा, बघ मां."

"माका दिसता ती रिकामी. बैलांका दिसता ता येगळा."

त्याच दुपारी, सूर्य डोक्यावर आला, बनातली सुरूची सळसळ थांबली आणि सावल्या पायांखाली गोळा झाल्या, तेव्हा जीपचा भोंगा वाजला. एकदाच, लांब, आंबोलीत वाजला होता तसा. गाडीजवळ कुणी नव्हतं. भोवतीच्या वाळूवर सकाळच्या खुरांपावलांखेरीज नवं पाऊल नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाराला तेच. तिसऱ्या दिवशी सगळा गाव लांब उभा राहून ऐकत होता.

"उन्हान पत्रो फुगता आणि तार लागता. इतक्याच," कॉस्मेने सांगितलं.

"मगे उन एक वाजता जास्ती आसता. तेव्हा कित्याक नाय वाजणा?" सुभद्राने विचारलं.

कॉस्मेने नाक खाजवलं.

गंगारामने नारळ ठेवला, विडी ठेवली, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, इतकी वर्सां तू ह्या वाळयेतसून पायी फिरलंस. आता तुका बसाक गाडी गावली, ती तू तुझी करून घे, आणि गावाची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

गुरुदासही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून बसला. आपण आपलीच गाडी देऊन टाकली, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर लोक पांगले होते.

त्यानंतर त्याला गाडीत बसायची चोरी झाली. काच पुसायला गेला तर लांबून कुणीतरी हटकणार, "इचारलंस काय रे त्येंका?" कॉस्मेला मात्र आठवड्यातून एकदा इंजिन चालवून बॅटरी जिवंत ठेवायची मुभा होती. तो क्रिस्तांव, त्याला आमचा देवचार धरत नाही, असं गंगारामने ठरवून टाकलं. महिनाभरात भीतीची सवय झाली आणि सवयीची सोय झाली. भोंगा वाजला की बायका भाताखालचा जाळ ओढायच्या. मास्तर शाळा सोडायचे. रापणकर जाळं आवरायला लागायचे. म्हातारी काशीबाई औषधाचा घोट घ्यायची. फक्त जीपकडे बाराच्या सुमाराला फिरकायची कुणाची छाती नव्हती.

इकडे चैत्र तापला आणि सुभद्राचे माड माना टाकू लागले. ती पहाटेपासून घागरी ओढायची, गुरुदासही ओढायचा, पण वाळूत पाणी ओतावं ते वाळूनेच प्यावं. एके सकाळी तिने तीन वाळलेले कोंब उपटून आणले आणि न बोलता त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने ताट बाजूला सारलं.

तो उठला तो कणकवली गाठायला. तिथल्या एका लाकडाच्या ठेकेदाराला जंगलात फिरायला जीप हवी होती आणि त्याच्याकडे एक चांगला पंप पडून होता. अदलाबदल ठरली. एकच अट ठेकेदाराने घातली, "गाडीत काहीतरी आहे असं ऐकतो. मी बाराला समोर उभा राहणार. वाजली तर व्यवहार रद्द."

आदल्या संध्याकाळी कॉस्मेने भोंगाच सोडवून काढला आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून गुरुदासच्या माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार ट्रकमधून पंप घेऊन आला आणि घड्याळ हातात धरून उभा राहिला. बारा वाजले. अर्धा तास गेला तरी काही झालं नाही.

ती शांतता मात्र गुरुदासला सोसवेना. बनात पान हलत नव्हतं. समुद्रसुद्धा लाट उचलून थांबल्यासारखा वाटत होता. कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि त्याचं तोंड दाबून धरलं जावं, अशी ती शांतता होती.

"ठीक आहे," ठेकेदार म्हणाला. "उतरवा पंप."

पंपाचा दोर सुटायच्या आधी गाव आला. बायकांचे भात करपले होते. शाळेतली पोरं रडकुंडीला आली होती. रापण वेळेवर न आवरल्यामुळे अर्धी मासळी निसटली होती. काशीबाई औषध घेऊ की नको विचारत दारात बसून राहिली होती.

"भोंगो खंय?" गंगारामने विचारलं. "गुरुदासा, राखणदाराचो आवाज तू खंय ठेवलंस?"

"माळ्यार," गुरुदासच्या तोंडून निघून गेलं.

मग जे झालं ते ठेकेदाराने आयुष्यात पाहिलं नव्हतं. सगळा गाव जीपभोवती वाळूत फतकल मारून बसला. गंगारामने गाऱ्हाणं सुरू केलं आणि दर वाक्याला शंभर तोंडांनी "व्हय म्हाराजा" उठू लागलं. ठेकेदार मागे मागे सरकत ट्रकपाशी पोचला. "मला गाडी पाहिजे होती हो, देऊळ नको," म्हणाला, आणि पंपासकट निघून गेला.

ट्रकची धूळ खाली बसली. मग सुभद्रा पुढे आली. पदर कमरेला खोचलेला होता.

"गाडी गावाक होयी ना? ऱ्हवांदे. पण ह्या गाडयेच्या पायी माझो पंप गेलो. माझ्या माडांका पाणी कोण घालतलो? देवचार?"

ती गंगारामकडे वळली.

"गंगारामकाका, तुमी सांगा. राखणदार गावाचो, मगे ओझा माझ्या एकटीच्या मानेर कित्याक?"

गंगारामने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. उघडले तेव्हा त्याला कौल मिळाला होता. भोंगा वाजला की प्रत्येक घराने दोन घागरी सुभद्राच्या माडांना घालायच्या. पाऊस लागेपर्यंत. ती राखणदाराची सेवा.

कॉस्मेने त्याच संध्याकाळी भोंगा परत बसवला. तारा घासून पुसून अगदी घट्ट जोडल्या, आणि इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले तरी भोंगा वाजेना.

"आता तार सैल नाय रे. आता कशी वाजात?" कॉस्मे म्हणाला.

"मगे सैल कर!"

त्याने केली. तरी वाजेना. गावाच्या घागरी दारात खोळंबल्या होत्या. गुरुदास पळत सुटला, तापल्या वाळूत उड्या मारत जीपशी पोचला, ड्रायव्हरच्या जागी चढला आणि बटण दाबून धरलं. भोंगा वाजला. घागरी निघाल्या.

तेव्हापासून रोज बाराला गुरुदास बनाच्या मागच्या अंगाने लपत जायचा आणि भोंगा वाजवून यायचा. सुभद्राला ठाऊक होतं, कॉस्मेला ठाऊक होतं. माडांनी पुन्हा माना वर काढल्या, नवे कोंब फुटले. गुरुदासला वाटायचं, एवढी लबाडी देव पोटात घालील.

वैशाखात एका दुपारी भोंगा वाजला आणि बॅटरी बसली. मालवणात रेडिओच्या बॅटऱ्या भरून देणारं एक दुकान होतं. गुरुदास आणि कॉस्मे त्याच दुपारी होडीने खाडी ओलांडून गेले, बॅटरी भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाले. बाराच्या आत पोचायचा हिशेब होता. पण ओहोटी लवकर लागली आणि खाडीच्या मधोमध होडी वाळूच्या दांड्यावर जी बसली ती हलेचना. आता भरती आल्याशिवाय सुटका नव्हती.

सूर्य वर वर येत गेला. गुरुदास उभा राहून किनाऱ्याकडे पाहू लागला. "आज भोंगो वाजणा नाय. घागरी येणा नाय. गाव इचारतलो, आणि सगळा भायर येतला."

"बस खाली. होडी कलंडात," कॉस्मे म्हणाला. बॅटरी त्याने लेकरासारखी मांडीवर घेतली होती.

वारा पडला. खाडीचं पाणी काचेसारखं झालं. आणि सुरूच्या बनाआडून, त्या स्वच्छ शांततेतून, भोंगा वाजला. एकदाच. लांब, ओढलेला.

गुरुदासने कॉस्मेकडे पाहिलं. कॉस्मेने मांडीवरच्या बॅटरीकडे पाहिलं. मग त्याने एका हाताने बॅटरी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने छातीवर क्रुसाची खूण केली. तारेबद्दल तो काही बोलला नाही.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा माडांची आळी ओली होती.

"आज कोणी वाजवल्यान?" गुरुदासने विचारलं.

"म्हणजे?" सुभद्राची घागर हातातच राहिली. "तुमीच मां? माका वाटला, तुमी वेळेर इलात आणि भायरच्या भायर गेलात थंय. आज कसो मोठ्यान वाजलो, काशीबाय सुदा भायर इली."

गुरुदास जीपपाशी जाऊन आला. भोवतीची वाळू आदल्या रात्रीच्या वाऱ्याने सारखी केली होती. तीवर एकही पाऊल नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती आणि तारांची दोन टोकं मोकळी लोंबत होती.

"बसवू काय ही?" कॉस्मेने बॅटरी दाखवून विचारलं.

"ऱ्हवांदे तुझ्या पडवेत."

दुसऱ्या दिवशी बाराच्या जरा आधी गुरुदास गेला. लपत नाही, समोरच्या वाटेने. ड्रायव्हरच्या बाजूला गेला नाही. वळसा घालून पलीकडच्या सीटवर अंग चोरून बसला. घसा साफ केला. मग रिकाम्या सीटकडे न बघता त्याने विचारलं, "आज... तुमीच मां?"

सुरूची सळसळ थांबली. गुरुदासचे दोन्ही हात मांडीवरच होते, तेव्हा भोंगा वाजला.

वाडीतून पहिली घागर निघाली तसा तो हळूच खाली उतरला. त्या जीपला दारं नव्हती. तरीही गुरुदासने अदबीने हात पुढे करून, आवाज होणार नाही अशा बेताने, दार लावलं आणि पाठ न दाखवता घराकडे निघाला.