आठला निघालेली मिरवणूक

"हात मागं! पंगत पुरी व्हायचीय."

हे वाक्य लग्नाच्या मांडवात ऐकलं तर कुणाला काही वाटणार नाही. मी ते माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, सासरच्या स्वयंपाकघरात, उपम्याची बशी पुढ्यात असताना ऐकलं. सासूबाई वाढत होत्या, बसणारे आम्ही तिघंच. चमचा तोंडाशी नेला आणि सासरे गरजले. तिसरा माणूस, म्हणजे माझा नवरा, अजून अंघोळीला होता. तो येईपर्यंत उपम्याची वडी पडली. मी लातूरची. आमच्याकडं उपमा गरम खातात, असं मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायला दोन वर्षं लागली. तोवर मी शहाणी होऊन सासूबाईंसोबत मागून जेवायला लागले होते. तव्यावरचं गरम तरी मिळतं.

तर हे सासरे म्हणजे आमचे नाना. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही लग्न, बारसं, तेरावं असो, पंगत बसवायचा जिम्मा नानांचा. माणसं ओळीत बसवायची, वाढप्यांना पळवायचं, शेवटच्या माणसाच्या पत्रावळीवर वरण पडलं की 'हर हर महादेव' करायचं. त्याआधी जो घास घेईल त्याची धडगत नाही. एकदा एका पुढाऱ्यानं बुंदीचा दाणा तोंडात टाकला. नाना समोर जाऊन उभे. "सायब, भूक लई लागली का?" सायबांनी तो दाणा महादेव होईपर्यंत गालात धरून ठेवला म्हणतात.

दुसरा नियम याहून कडक. बादली हातात घेतली की ओळीतला एकही माणूस सोडायचा नाही. पाहुणा असो की बँडवाला, "पंगतीत आपला-परका न्हाई." स्वतः नाना शेवटी, वाढप्यांसोबत जेवणार.

आणि सासूबाई? त्या कधी जेवतात हे बघायला कुणाला सवड होती! बायकांची पंगत मागून, त्यात या तर घरच्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या नणंदेचं लग्न झालं. सगळं गाव जेवून ढेकर देत गेलं आणि नवरीच्या आईला उरला पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात आणि मिरच्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नानांना ते आठवड्यानं एका वाढप्याकडून कळलं. त्या दिवशी नाना न जेवताच झोपले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

म्हणून यंदा सुटीत हैदराबादजवळचं ते मोठं थीम पार्क बघायला जायचं ठरलं, तेव्हा नानांनी एकच अट घातली. "तुझ्या सासूला पहिल्या पंगतीला बसवून गरम जेवू घालायचं, अन् तिथं रोज रातच्याला सोंगं घेऊन निघती ती मिरवणूक अगदी पुढं बसून दाखवायची. इंतजाम माझा. तुम्ही फिकीर करू नका."

मी शाळेत शिकवते. वेळापत्रक दिसलं की मला राहवत नाही. म्हटलं, "नाना, जेवण सात ते नऊ आहे आणि मिरवणूक आठला. आपण सातलाच जेवून घेऊ."

"आठला म्हंजी दहाला."

"नाना, तिथं आठ म्हणजे आठ."

"सूनबाई, मी किती वराती बघितल्या? नवरदेव नटल्याबिगर वरात निघती व्हय? तिथं तर शंभर जण नटायचे हायत. अस्वल हाय, हत्ती हाय, राणी हाय. राणीला नटायला किती येळ लागतो, तुला काय सांगू!"

"मला नका सांगू."

"साडेसातला निवांत बसू, नऊला हात धुऊ. अर्धा घंटा आधीच जाऊन बसू."

पार्कात गेल्यावर पोरं पाळण्यात बसतात. आमचे नाना मिरवणुकीचा रस्ता बघायला गेले. एका वळणावरची पायरी त्यांनी हातरुमालानं पुसली. "हितं बसंल ती. वळणावर वरात थांबतीच, हितंच नाचतेत." माझी मुक्ता नऊ वर्षांची. तिनं आजीला त्या पायरीवर बसवून पाहिलं. सासूबाई लाजल्या. "कामून एवढं करून राहिलेत गं हे?" असं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "करू द्या."

साडेसातला आम्ही पाच जण जेवणाच्या हॉलमध्ये शिरलो. लांबच लांब टेबलं आणि ताटं घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाईमाणसानं ताट घेऊन उभं राहायचं? बस तू." सासूबाईंना पहिल्या खुर्चीवर बसवून ते सरळ काउंटरच्या मागं गेले आणि वरणाचं भांडं उचलून आले. काउंटरवरची बाई तेलुगूत ओरडली. तेलंगणाच्या सीमेवरच्या लग्नांत फिरून नानांना तेलुगूचा एक शब्द पाठ आहे. तो त्यांनी तिच्यासकट अख्ख्या रांगेला हात जोडून ऐकवला. "कूर्चोंडी, कूर्चोंडी!" म्हणजे बसा, बसा. आणि काय सांगू, रांग बसली! लोकांना वाटलं इथली पद्धतच अशी असेल.

सासूबाईंना पहिलं ताट वाढलं. भात, वरण, पुरी, भाजी, पापड. मग आम्हाला. इथवर सगळं झकास. पण शेजारच्या खुर्चीवर निजामाबादचं एक कुटुंब रिकामी ताटं घेऊन बसलं होतं, त्यांच्या पलीकडं अजून एक, पलीकडं अजून. आणि नानांच्या हातात भांडं होतं. झालं! सोडायचं कुणाला? आमचे हे कपाळाला हात लावून बसले. सासूबाई हात मागं घेऊन शांत. भात गार होत होता.

तेवढ्यात बाहेर ढोल वाजले. घड्याळात ठोक्याला आठ.

नाना होते तिथंच थबकले. "खरंच आठला निघाली?" त्यांनी मला असं विचारलं, जणू मीच ती हाकलून दिली. मग लगबगीनं सासूबाईंपाशी आले. "ऊठ, चल. मागून जेवू."

"वाढल्या ताटावरून उठू?"

"मंग जेव की लवकर!"

"पंगत पुरी व्हायचीय," सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना. पण नानांकडं बघितलं आणि हसू गेलं. हातात भांडं, डोळे पाण्यानं भरलेले. पलीकडच्या पंधरा-वीस माणसांना अजून वाढायचं राहिलं होतं. काउंटरवरची बाई आली, तिनं हसत त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. सासूबाईंनी शेजारची खुर्ची ओढली. "तुम्ही बसा. तुम्ही बसलात तर मी जेवते."

नाना बसले. अर्धी ओळ उपाशी असताना त्यांनी पुटपुटत 'हर हर महादेव' केलं. मी मुक्ताला तिच्या बापासोबत पायरीवर पिटाळलं, वाफाळता भात आणला आणि दोघांना वाढला. नाना सवयीनं उठायला लागले. म्हटलं, "बसा. आज वाढपी मी." बाहेर आतषबाजी चालली होती, पोरं किंचाळत होती. ही दोघं निवांत जेवत होती. सासूबाईंनी भात दोनदा घेतला.

बाहेर पडलो तेव्हा मिरवणूक गेली होती. एक अस्वल तेवढं रेंगाळत मागून चाललं होतं. त्यानं सासूबाईंना हात हलवला. त्यांनी पदर सावरून त्याला नमस्कार केला. त्यानंही थांबून पंजे जोडले.

गाडीकडं जाताना नाना मागं मागं चालत होते. मला वाटलं, बेत फसला म्हणून मन खट्टू झालं असेल. म्हटलं, "नाना, मुक्तानं सगळी मिरवणूक फोनवर घेतलीय. आईंना घरी दाखवू."

त्यांचं लक्षच नव्हतं. "सूनबाई," ते म्हणाले, "ती पापड भातावर चुरून खाती. तुला ठाऊक होतं?"

"हाव. रोजच खातात."

"रोज?"

पुढं मुक्ताचा हात धरून सासूबाई चालल्या होत्या. नाना त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले. "मी तिला आज जेवताना बघितलं."