नऊ मीटरांचं अंगण

हिंगणमळ्यात कुठलंही अंतर चालायचं तर कागदावर जेवढा आकडा तेवढीच पावलं पडत. एकक कुठलं, याच्याशी पायांना काही देणंघेणं नव्हतं. बाजार तीन किलोमीटर, म्हणून तीन पावलं. तेच अंतर मीटरमध्ये नोंदवलं असतं तर तीन हजार पडली असती, पण एवढं खुळं कोण आहे? गावानं लांबची सगळी अंतरं कधीच किलोमीटरमध्ये करून घेतली होती. अंगणं नि ओसऱ्या तेवढ्या मीटरमध्ये राहिल्या, कारण किलोमीटरमध्ये त्या एकाच्याही आत भरतात, आणि अर्धंमुर्धं पाऊल कुणालाच टाकता येत नाही.

म्हणूनच लेकीच्या लग्नाआधी चार दिवस धोंडीराम शेलार अर्ज घेऊन रूपांतराच्या खिडकीशी आला, तेव्हा तिथल्या ढमढेरेबाईंनी चष्मा वर सरकवला.

“दारापासून फाटकापर्यंत नऊ मीटर. ते मिलिमीटरमध्ये करून हवंय?”

“होय बाई.”

“नऊ हजार होतील.”

“तेवढेच पाहिजेत.”

“शेलार, लोक इथं आकडा लहान करायला येतात. कारण लिहावं लागेल.”

धोंडीरामनं लिहिलं : मुलीची पाठवणी.

बाईंनी ते दोनदा वाचलं. “सासर किती लांब?”

“अडतीस किलोमीटर.”

“अहो, म्हणजे अडतीस पावलं! तिला भेटून परत याल तोवर इथली फोडणीसुद्धा करपायची नाही. एवढं काय जिवाला लावून घेता?”

“येईल की ती रोज. पण पाहुणी म्हणून येईल. घरची म्हणून शेवटचं निघायचं, ते नऊच पावलं? तेवढ्यात काय बोलून होतं, बाई?”

बाईंनी शिक्का मारला. वऱ्हाड आधी बाहेर पडावं म्हणून अंमल मात्र दुपारी चारपासूनचा दिला.

लग्न झालं. चार वाजता कुंदा आईच्या गळ्यात पडून रडली. आईचे, म्हणजे अनसूयाचे, गुडघे गेलेले, ती उंबऱ्यातच थांबली. धोंडीराम लेकीबरोबर निघाला. जावईबापू फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते.

पहिली हजार पावलं डोळे पुसण्यातच गेली. मग कुंदा म्हणाली, “अण्णा, मी दहावीला नापास झाले तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. का हो?”

“भीती वाटली. तू बोलायचीच बंद झाली असतीस तर?”

मग मात्र बोलणं थांबेना. शाळा झाली, आजारपणं झाली, मेलेली म्हैस झाली. पाच हजारांच्या पुढं कुठंतरी धोंडीराम खाली बघत म्हणाला, “तू झालीस तेव्हा मी दोन दिवस बघायलाच आलो नव्हतो. मुलगा हवा होता मला. आजवर लाज वाटते, पोरी.”

“ठाऊक आहे. आईनं सांगितलंय,” कुंदा म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.

साडेआठ हजारांनंतर तो पाय ओढू लागला. “जरा बसूया का गं?”

“नको अण्णा. बसले तर मग माझा पाय निघायचा नाही.”

फाटक आलं. कुंदानं वाकून नमस्कार केला, नवऱ्याबरोबर अडतीस पावलं टाकली आणि सासरच्या दारात पोहोचलीसुद्धा.

धोंडीराम वळला. अनसूया उंबऱ्यातच उभी होती, तोंडाला पदर लावून एकटीच रडत होती. नऊ मीटरांवरून त्याला तिचे ओले गालसुद्धा दिसत होते.

“आलो गं,” तो म्हणाला, “दिवेलागणीपर्यंत पोहोचतो.” आणि चालायला लागला.