टिटवीचं आभाळ आणि गव्यांच्या माना

एका जंगलात एक नदी होती. फाल्गुनात तिच्यात पाणी नसे, तरी सगळे तिला नदीच म्हणत. हसू नका बाळांनो, पाणी गेलं तरी पाटी राहतेच.

त्या कोरड्या पात्रात सगुणा नावाची टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे इकडे, चार खडे तिकडे, मध्ये अंडी. झालं घर! आणि टिटवी झोपते पाय वर करून. का? तर आभाळ पडू नये म्हणून. सगुणाची आई तशीच झोपायची, आजीही तशीच, आणि आभाळ अजून पडलेलं नाही. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात मागतात?

पण सगुणाचं दुखणं वर नव्हतं, खाली होतं. रोज संध्याकाळी गव्यांचा कळप डोहावर जायचा, तो नेमका तिच्या अंगणातून. ती घसा फाडून ओरडायची. नवराही ओरडायचा, पण भलत्याच दिशेला तोंड करून. गवे म्हणायचे, "ही रोजचीच!" काल तर एक खूर अंड्यांपासून वीतभरावर पडला होता.

आणि आज अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येत होती. आजची संध्याकाळ निभावली, तर पिल्लं पळती होणार होती. नाही निभावली, तर आम्लेट.

तेवढ्यात तिथे पाहुणा करकोचा आला. हा थंडीत इकडे यायचा आणि उन्हाळ्यात सातासमुद्रापलीकडे एका धुराड्यावर बिऱ्हाड करायचा.

"ताई, तुम्ही घाबरून ओरडता, म्हणून कोणी ऐकत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे पॉवर मेटल म्हणून एक गाणं असतं. तेही घसा फाडूनच. पण जिंकल्यासारखं!"

"काय जिंकल्यासारखं?"

"ते विचारायचं नसतं. तलवारी, बर्फाचे किल्ले, अग्निसर्प…"

"अग्निसर्प म्हणजे?"

"आग ओकणारी घोरपड."

"पाहिलीय कोणी?"

"छे! पाहिली असती तर गायला कोण उरलं असतं? तिकडे उन्हाळ्यात, भर पावसात, माळावर जत्रा भरते, ताई. वर्षभर खर्डेघाशी करणारी माणसं गुडघाभर चिखलात उभी राहतात आणि मुठी वर करून गातात. घरी जाताना जो तो राजा असतो. सोमवारी पुन्हा कारकून. पण जरा ताठ."

सगुणाने विचार केला. "तलवार मला झेपायची नाही, पाहुणे. आभाळ चालेल?"

"आभाळ?" करकोच्याचे डोळे मोठे झाले. "ताई, पळेल!"

मग दुपारभर तालीम. करकोच्याला गळा नसतो, बाळांनो. तो चोचीवर चोच आपटतो. टकटकटकटक! गोम खडावा घालून जिना उतरली तर कसा आवाज होईल, तसा ठेका. चाल मात्र सगुणाने इथलीच घेतली. काठावरच्या देवळात एक आरती व्हायची, संथ सुरू होणारी आणि प्रसाद दिसताच पळत सुटणारी. तिचा वेग घेतला. गावच्या जत्रेतल्या शाहिराचं "जी जी रं जी" घेतलं. आणि वर शेंड्यावर कोकीळबुवा रियाज करायचे, त्यांची चढत जाणारी तान घेतली.

बुवा फांदीवरून खाली वाकले. "सगुणे, ही उचलेगिरी आहे! वेग आरतीचा, आवेश शाहिराचा, तान माझी!"

"आणि भीती माझी, बुवा."

"अगं, पण अर्थ काय या गाण्याचा? आभाळ कोणी धरून ठेवलेलं नाही!"

"बुवा, तुमची अंडी कुठे असतात हो?"

बुवांनी घसा खाकरला. त्यांच्या घरची अंडी कावळीच्या घरट्यात असतात, हे साऱ्या जंगलाला ठाऊक होतं. कावळी सोडून.

ऊन कललं. धूळ उठली. गवे आले. पुढे म्होरक्या दणकोजी.

"सरक गं," तो म्हणाला.

सगुणा एका गोट्यावर चढली. टकटकटकटक! करकोच्याने ठेका धरला आणि तिने आवाज लावला:

"मी तोलते आभाळ!
माझ्या दोन काड्यांवर नऊ लाख तारे!"

दणकोजी थबकला. हे रोजचं नव्हतं. त्याची मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मागच्यांनी ते पाहिलं, आणि गव्यांत रीत अशी की पुढच्याने केलं ते मागच्याने करायचं. सगळा कळप माना झोकू लागला. आता एवढी मोठी मान जोरात झोकायची, तर चारही पाय रोवून उभं राहावं लागतं. कोणी जागचं हलेना!

"जी जी रं जी!" कळप गरजला.

पण गाणं संपत आलं. दणकोजीने पुढचा खूर उचलला. खाली अंडं. सगुणाने तेच धृपद एक पट्टी चढवून पुन्हा सुरू केलं. खूर जागच्या जागी परत. पुन्हा संपत आलं, पुन्हा खूर उचलला, पुन्हा पट्टी चढली.

"ताई," करकोचा धापा टाकत म्हणाला, "याच्या वर पट्टी नाही!"

"मग उडा वर आणि नीट बघून या!"

तेवढ्यात तडकलं! एक, मग दुसरं, मग सगळीच. ओली पिल्लं बाहेर पडली आणि माना हलवत, गव्यांच्या पायांमधून झुडपात पळाली.

सगुणा गोट्यावरच बसली. दणकोजी घाम गाळत तिच्याजवळ आला. "सगुणाताई, ते आभाळाचं… खरंच?"

"रोज रात्री."

"एकट्याच?"

"हे असतात. पण यांचे पाय भलत्या दिशेला."

"मग आम्ही काय मेलोय?" दणकोजी गहिवरून म्हणाला.

अंधार पडला तेव्हा सारा कळप पात्रात उताणा पडला होता, खूर आभाळाकडे करून. डोहाची आठवणही कोणाला नव्हती.

"मूर्ख लेकाचे!" कोकीळबुवा शेंड्यावरून म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. आभाळ जागेवर होतं. नेहमीपेक्षा जरा घट्टच वाटत होतं.

बुवांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहत नाही अशी खात्री केली. आणि हळूच एक पाय फांदीवरून वर उचलला.

तात्पर्य: अंथरूण पाहून पाय पसरावेत. अंथरूणच नसेल, तर सरळ आभाळाला लावावेत आणि वरच्या पट्टीत तसं सांगावं.