बिनठिपक्यांचा पट

मच्छिंद्रचं रेटिंग हजारावर गेलं आणि त्याच दिवशी त्याने खेळणं बंद केलं. जिंकलं की आकडा वर जातो आणि हरलं की खाली येतो, हे एवढं एक त्याला बुद्धिबळातलं पक्कं माहीत होतं.

तो सुप्याच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला होता आणि सुट्टीच्या वेळात मोबाईलवर अनोळखी लोकांशी डाव मांडायचा. त्याची खेळण्याची तऱ्हा न्यारी होती. पहिल्या दोन चालींत वजीर बाहेर काढायचा आणि मग तो मोकाट जनावरासारखा पटभर हिंडवायचा. सगळं सैन्य गेलं, एकटा राजा उरला, तरी हार मानायची नाही. समोरचा कंटाळून निघून जाई आणि मच्छिंद्र जिंके. नियम त्याला कुणी शिकवले नव्हते. सोंगटीवर बोट ठेवलं की ती कुठे कुठे जाऊ शकते तिथे मोबाईल ठिपके दाखवतो. मच्छिंद्र त्यातला आवडेल तो ठिपका दाबायचा.

हजाराची बातमी त्याने फक्त सचिनला सांगितली, आणि तिथेच घात झाला. सचिनचं फ्लेक्सचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी गावाच्या फाट्यावर मच्छिंद्र गॉगल लावून हसत उभा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बुद्धिबळसम्राट' असं होतं.

"सम्राट कशाला लिवलं रं?"

"जागा शिल्लक हुती," सचिन म्हणाला.

मच्छिंद्रच्या बायकोने, अश्विनीने, त्या फ्लेक्सचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि तो पुणतांब्याला तिच्या वडिलांपर्यंत पोचला. श्रीमंतरावांना सरकारी नोकरीतला जावई हवा होता. तो मिळाला नाही म्हणून लग्नापासून ते मच्छिंद्रशी थेट बोलत नसत. तो समोर बसलेला असला तरी, "अश्विनी, पाव्हण्यांना इचार, चहा घेत्यात का," असं चाले. मच्छिंद्रच्या हे फार जिव्हारी लागायचं.

रविवारी श्रीमंतराव स्वतः आले. काखेत जुना लाकडी पट होता. दारातच म्हणाले, "जावईबापू, बरं हाय ना?"

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

"एक डाव होऊन जाऊ द्या. आमच्या पारावर माझ्यापुढं कोन टिकत न्हाई."

"मोबाईलवर खेळू की, मामा."

"मोबाईलात काय हाय? हाताला लाकूड लागलं पायजे."

तोवर सचिनने निम्मी आळी अंगणात आणून बसवली होती. श्रीमंतरावांनी पट मांडला. "हात लावला ती सोंगटी चालवायची, येवढंच ध्यानात ठिवा," ते म्हणाले. मच्छिंद्रने सवयीने घोड्यावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. पट होता तसाच राहिला. त्याने बोट जरा जोरात दाबलं.

"अहो, चिकटलं का काय बोट?" अश्विनीने विचारलं.

"इचार करतोय त्यो, वैनी," सचिन म्हणाला.

इतक्या वर्षांनी सासरा तोंड उघडून बोलला होता आणि ते बोलणं आता एका लाकडी घोड्यावर अडकलं होतं. घोडा उडी मारतो एवढं मच्छिंद्रला आठवत होतं. कुठे मारतो, ते मोबाईलला माहीत होतं. शेवटी त्याने घोडा उचलून नाकासमोर तीन घरं पुढे नेऊन ठेवला.

श्रीमंतरावांनी मान वर केली. घोड्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं. लोकांतल्या निम्म्यांना काही कळत नव्हतं आणि उरलेल्यांना वाटलं, सम्राटाचं काही वेगळं असेल.

"असं व्हय," श्रीमंतराव सावकाश म्हणाले आणि त्यांनी एक प्यादं सरकवलं.

मग मच्छिंद्रचा उंट सरळ चालला आणि हत्ती तिरपा. एकदा तर त्याने स्वतःचंच प्यादं मारलं. श्रीमंतराव दर वेळी "असं व्हय" म्हणत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी आपला राजा पटाच्या मधोमध आणून सोडला आणि हात जोडले. "मात झाली. हरलो आमी."

मच्छिंद्र पटाकडे बघतच राहिला, कारण जिंकल्याची पाटी कुठे आली नव्हती. सचिनने मात्र फटाक्यांची माळ लावली.

संध्याकाळी तो सासऱ्यांना मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला गेला. दोघं एसटीची वाट पाहत फ्लेक्सखाली उभे राहिले. मच्छिंद्रला खरं बोलल्याशिवाय राहवेना.

"मामा, एक सांगू का?"

"नगा सांगू. घोडा अडीच घरं चालतो. उंट तिरपा, हत्ती सरळ. येवढं पाठ करा."

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग तुमी हरला कशापायी?"

एसटी आली. श्रीमंतरावांनी पट काखेत मारला आणि पायरीवर पाय ठेवला.

"आमच्या येशीपाशी मीबी तुमचा फ्लेक्स लावलाय. शेजारी माझा फोटो हाय, तुमच्याहून मोठा. त्याच्याखाली लिवलंय, 'यांचे गुरू'."

गाडी हलली. खिडकीतून बाहेर आलेलं श्रीमंतरावांचं बोट हवेत दोन घरं सरळ गेलं आणि आडवं वळलं. फ्लेक्सखाली उभा राहून मच्छिंद्रनेही बोट वर केलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच घोडा चालवत राहिला.